सीए काकांशी ब्रेकअप

बॉयफ्रेंडला 'आपलं काही जमणार नाही' असं सांगायला मला कॉफीचा एक कप आणि पंधरा मिनिटं पुरली होती. सीए काकांना तेच सांगायला मला तीन आठवडे लागले!

हसू नका. तुमच्यापैकी जे महिन्याच्या १ तारखेला पगाराचा एसएमएस बघून खूश होतात, त्यांना यातली गंमत कळायची नाही. तुमचा फॉर्म १६ येतो, कुणीतरी तो भरून देतं, विषय संपतो. पण ज्यांनी नोकरीला रामराम ठोकून 'स्वतःचं' सुरू केलंय, म्हणजे कॉन्ट्रॅक्टवर कोडिंग, डिझाइन, कन्टेन्ट, काहीही, त्यांच्या आयुष्यात सीए नावाचा माणूस जवळजवळ डॉक्टरसारखा असतो. आणि फॅमिली डॉक्टर बदलणं आपल्याकडे किती अवघड, ते आईला विचारा.

मी सॉफ्टवेअर डेव्हलपर. सहा वर्षं हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये घालवून २०१९ मध्ये राजीनामा दिला आणि कॉन्ट्रॅक्टवर कामं घ्यायला लागले. आधी मुंबईचा एक क्लायंट, मग बंगळुरूचा, नंतर लंडनचा. लॅपटॉप नवा घेतला, खुर्ची नवी घेतली, व्हिजिटिंग कार्डंसुद्धा छापली (त्यातली ९० अजून ड्रॉवरमध्ये आहेत). सगळं बदललं, सीए तेवढा तोच राहिला. बाबांचे सीए काका. सदाशिव पेठेत जिना चढून गेलं की पहिल्या मजल्यावरचं ऑफिस, लाल कापडात बांधलेले फायलींचे गठ्ठे, भिंतीवर एका सहकारी बँकेचं कॅलेंडर. वर्षातून एकदा, जुलैमध्ये, मी एका पाकिटात कागद नेऊन द्यायचे. काका विचारायचे, "काय म्हणतीय कंपनी?" मी म्हणायचे, "काका, कंपनी सोडली ना मी." ते म्हणायचे, "हो की!" मग चहा यायचा. फी पाचशे रुपये. तीसुद्धा ते घेताना 'राहू दे गं' म्हणायचे.

पाचशे रुपये! आणि मी स्वतः क्लायंटला ताशी अडीच हजारांचं बिल लावत होते. तेव्हा यात काही खटकलं नाही, हे कबूल करते.

रिफंड गेला कुठे?

२०२२ च्या जुलैमध्ये रिटर्न भरलं. जवळपास ६३ हजारांचा रिफंड यायचा होता. आम्हा कॉन्ट्रॅक्टवाल्यांचा टीडीएस क्लायंट सरसकट बिलाच्या दहा टक्के कापतो, त्यामुळे वर्षाच्या शेवटी सरकारकडून काहीतरी परत येणं ही आमची दिवाळी. मैत्रिणींचे रिफंड सप्टेंबरात आले. माझा दिवाळीला नाही, ख्रिसमसला नाही. काकांना फोन केला की एकच उत्तर, "येईल गं, डिपार्टमेंटचं काम आहे, घाई करून चालत नाही."

जानेवारी २०२३ मध्ये बँकेत पैसे आले. साडेपाच हजार.

आधी वाटलं, पहिला हप्ता असेल. (इन्कम टॅक्स हप्त्यानं परत देत नाही, हे तेव्हा माहीत नव्हतं. इंजिनीअर आहे मी, पण शाळेत हे कुणी शिकवलं?) मग रात्री साडेअकरा वाजता इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन करायला बसले आणि लक्षात आलं की मला माझाच पासवर्ड माहीत नाही. तीन वर्षं स्वतंत्र व्यवसाय करतेय, क्लायंटच्या सर्व्हरच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत, आणि माझ्या स्वतःच्या टॅक्सच्या खात्याची किल्ली सदाशिव पेठेत!

आधारशी जोडलेला मोबाइल माझाच होता, म्हणून आधार ओटीपीनं पासवर्ड बदलता आला. आत गेले. प्रोफाइलमध्ये ईमेल काकांच्या ऑफिसचा. मोबाइल नंबर कुणाचा ते कळेना. नंतर कळलं, तो काकांकडच्या असिस्टंटचा, जो २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गावी गेला तो परत आलाच नाही. म्हणजे गेली दोन-अडीच वर्षं इन्कम टॅक्स खातं मला जे काही सांगत होतं, ते एका न उघडलेल्या इनबॉक्समध्ये आणि एका अनोळखी मोबाइलवर जात होतं.

आणि खातं बरंच काही सांगत होतं. २०१९-२० च्या, म्हणजे माझ्या पहिल्यावहिल्या वर्षाच्या रिटर्नवर बंगळुरूच्या सीपीसीकडून मार्च २०२१ मध्ये इंटिमेशन आलं होतं. मुंबईच्या क्लायंटनं कापलेला ४२ हजारांचा टीडीएस त्यांना त्यांच्या नोंदीत सापडत नव्हता. सापडत नाही म्हणजे तुम्ही भरलेला नाही, सबब भरा. त्यावर व्याज धरून मागणी ४७ हजारांच्या वर. ती थकली, म्हणून दर महिन्याला एक टक्का आणखी व्याज. एकवीस महिन्यांचे जवळपास दहा हजार. रिफंडमधून हे वळते करून घेणार आहोत, काही म्हणायचं असेल तर कळवा, अशी नोटीससुद्धा आली होती. मी काही म्हटलं नाही, कारण मला माहीतच नव्हतं. मग त्यांनी घेतले वळते करून.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशांपेक्षाही, आपल्या पाठीमागे आपल्याबद्दल एवढा पत्रव्यवहार चाललाय आणि आपण मजेत सिरीज बघतोय, हे जाम लागलं.

बाबा विरुद्ध मी

सकाळी पोह्यांबरोबर मी जाहीर केलं, "मी सीए बदलतेय."

बाबांनी पेपर खाली ठेवला. आमच्याकडे ही फार गंभीर खूण आहे.

"काकांना काय वाटेल?"

"बाबा, माझे सत्तावन्न हजार गेलेत."

"ते येतील परत. माणूस परत येत नाही."

आता यामागची गोष्ट सांगायलाच हवी. बाबा सरकारी बँकेत होते. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत व्हीआरएसची लाट आली तेव्हा बाबांनीही अर्ज टाकला. घर अर्धं बांधलेलं, मी शाळेत, आजीचं आजारपण. ती रक्कम हातात किती येणार, पाच लाखांपर्यंतची सूट कुठल्या कलमाखाली, उरलेल्यावर टॅक्स किती, पैसे कुठे ठेवायचे, हे सगळं काकांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून रात्री बारापर्यंत कागदावर मांडून दिलं होतं. एक पैसा न घेता. त्या कागदावर आमचं घर उभं आहे, असं आई अजून म्हणते. अशा माणसाला 'तुमची सर्व्हिस बरोबर नाही' असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

पण मी विचार केला, काका पगारदारांचे सीए होते, उत्तम होते. फॉर्म १६, एलआयसी, पीपीएफ, विषय संपला. मी मात्र आता दुकान होते. आणि दुकानाला विचारायचे प्रश्न काकांनी मला कधी विचारले नाहीत, मीही कधी सांगितलं नाही.

बघण्याचे कार्यक्रम

नवा सीए शोधणं हे स्थळं बघण्यासारखंच असतं. प्रत्येकाच्या ओळखीत एक 'एकदम सही' असतो.

पहिला मला एका कॉफी शॉपमध्ये भेटला. ब्लेझर, दोन फोन, तोंडात सतत 'मॅम'. त्यानं माझं रिटर्न दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "मॅम, तुम्ही खूप टॅक्स भरताय. आपण डोनेशन दाखवू ना. राजकीय पक्षाला दिलेलं, शंभर टक्के सूट. रिसीट मी देतो. रिफंड आला की त्याचे दहा टक्के माझे." मी म्हटलं, "पण मी डोनेशन दिलेलं नाही." तो हसला. लहान मुलाकडे बघून हसतात तसा.

खरं सांगू? दोन मिनिटं मोह झाला. नुकतेच सत्तावन्न हजार गेले होते, आणि समोरचा माणूस म्हणत होता की एका पावतीत निम्मे परत. मग विचारलं, तुमचा इन्स्टिट्यूटचा मेंबरशिप नंबर काय? तेव्हा कळलं की तो सीए नव्हताच, 'टॅक्स कन्सल्टंट' होता. खोटी वजावट दाखवून उत्पन्न दडवलं तर बुडवलेल्या टॅक्सच्या दुप्पट दंड होऊ शकतो, आणि तो दंड रिटर्न ज्याच्या नावावर त्याला, दहा टक्केवाल्याला नाही. जुलै २०२५ मध्ये इन्कम टॅक्स खात्यानं अशाच बोगस वजावटींच्या रॅकेटवर देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली, तेव्हा बातम्या बघताना मला तो ब्लेझर आठवला.

दुसरं स्थळ ऑनलाइन. ९९९ रुपयांत रिटर्न. चॅटवर दर वेळी वेगळं माणूस, आणि दर वेळी मी पहिल्यापासून सांगायचं. नोकरी असती तर चाललं असतं.

तिसऱ्या मॅडम कोथरूडच्या. माझ्याच वयाच्या, एका बेडरूमच्या फ्लॅटमधलं ऑफिस, तीन मुली कामाला, आणि बूट बाहेर काढायची सक्ती. त्यांनी चहा विचारला नाही. प्रश्न विचारले. क्लायंट किती, कुठले? परदेशातून पैसे कुठल्या खात्यात येतात? घरचं आणि कामाचं खातं वेगळं आहे का? (नव्हतं.) लॅपटॉपचं बिल कुणाच्या नावावर? या वर्षी एकूण बिलं किती झाली? पोर्टलवर ईमेल कुणाचा? या शेवटच्या प्रश्नाला मी जे तोंड केलं, त्यावरून त्या ओळखून गेल्या. म्हणाल्या, "माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात जणांचं हेच असतं."

मग त्यांनी माझं २०२१-२२ चं रिटर्न उघडलं.

"हे पाच लाख चाळीस हजार खर्च कुठून आले?"

"काकांनी घातले असतील."

"बिलं?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला आणि मला आयुष्यभर लक्षात राहील असं गणित मांडलं. माझी बिलं १५ लाख ९० हजारांची. काकांनी अंदाजे खर्च वजा करून, गुंतवणुकीची दीड लाखाची सूट धरून ९ लाखांवर टॅक्स लावला होता. साधारण ९६ हजार. पण १९६१ च्या आयकर कायद्यात ४४एडीए नावाचं कलम होतं, २०१६-१७ या वर्षापासून लागू झालेलं. ठरावीक व्यवसायांतल्या लोकांनी, ज्यात आम्ही आयटीवालेही येतो, वर्षाची जमा तेव्हाच्या ५० लाखांच्या मर्यादेत असेल, तर हिशेबाच्या वह्या न ठेवता जमेच्या किमान ५० टक्के रक्कम नफा म्हणून दाखवायची आणि त्यावर टॅक्स भरायचा. संपलं. त्या हिशेबानं माझं करपात्र उत्पन्न ६ लाख ४५ हजार. टॅक्स साधारण ४३ हजार.

"म्हणजे एकीकडे बिनबिलाचे खर्च दाखवून धोका पत्करला," मॅडम म्हणाल्या, "आणि दुसरीकडे कायद्यानं दिलेली सरळ सोय वापरलीच नाही. एका वर्षात ५३ हजार जास्त गेले."

"मग आता दुरुस्त करू."

"तुम्ही डिसेंबरमध्ये का नाही आलात?"

रिव्हाइज्ड रिटर्नची त्या वर्षीची मुदत ३१ डिसेंबर २०२२ ला संपली होती. आम्ही बोलत होतो फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. २०२२ मध्येच 'अपडेटेड रिटर्न' नावाची नवी सोय आली होती, उशिरा चूक सुधारायची. पण ती फक्त सरकारला जास्त द्यायचं असेल तर. रिफंड वाढवून घ्यायला किंवा टॅक्स कमी करायला ती चालत नाही. पाच आठवड्यांनी हुकले मी. ख्रिसमसला काकांना फोन करून 'येईल गं' ऐकण्याऐवजी स्वतः लॉगिन केलं असतं, तर ते ५३ हजार वाचले असते. ते गेले ते गेलेच. त्याच्या आधीच्या वर्षांचं गणित मॅडम मांडायला लागल्या, तेव्हा मीच नको म्हटलं.

(जाता जाता: जमा जवळजवळ सगळी बँकेतून येत असेल, म्हणजे रोख पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसेल, तर ५० लाखांची ती मर्यादा २०२३-२४ पासून ७५ लाख झाली. आणि १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा येत असल्यानं कलमांचे नंबरही बदलतात. तेव्हा कुणी '४४एडीए' म्हणालं तर तो जुना नंबर आहे, एवढं लक्षात ठेवा.)

दुसरा बॉम्ब त्यांनी मग टाकला. त्या वर्षी जानेवारीपर्यंत माझी बिलं १७ लाख ६० हजारांवर गेली होती आणि लंडनच्या क्लायंटचं पहिलं बिल फेब्रुवारीत जाणार होतं. "जीएसटी?" मी म्हटलं, परदेशी बिलाला जीएसटी लागत नाही ना! त्या म्हणाल्या, निर्यातीवर टॅक्स शून्य असला तरी २० लाखांची मर्यादा मोजताना ते बिल धरलं जातं. मर्यादा ओलांडली की तीस दिवसांत नोंदणीसाठी अर्ज करायचा, नोंदणी झाली की इथल्या क्लायंटना १८ टक्के लावून बिल द्यायचं, आणि परदेशी बिल टॅक्स न भरता पाठवायचं तर दर आर्थिक वर्षाला एलयूटी नावाचं हमीपत्र ऑनलाइन द्यायचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याहून खरं म्हणजे, मी कुणाला विचारलं नव्हतं.

"तुमची फी?" शेवटी मी भीत भीत विचारलं.

"रिटर्न, जीएसटी आणि वर्षभर फोन मिळून बारा हजार. नोटिशीचं काम वेगळं."

पाचशेवरून बारा हजार. माझा चेहरा पडला असणार. पण मग मनातल्या मनात भागाकार केला. बारा हजार म्हणजे माझे पाच तास.

तो दिवस

मॅडमनी मला एक यादी दिली, काकांकडून काय काय आणायचं त्याची. सगळ्या वर्षांची रिटर्न्स आणि पोचपावत्या, प्रत्येकासोबतचं कॉम्प्युटेशन (म्हणजे आकडे कसे आले ते दाखवणारा कागद, यावाचून नवा सीए आंधळा), भरलेली चलनं, क्लायंटकडून आलेले फॉर्म १६ए, आणि डिजिटल सिग्नेचरची पेनड्राइव्ह केली असेल तर ती. "आणि मी त्यांना एक पत्र लिहीन," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या सीएच्या जागी ऑडिटर म्हणून जायचं असेल तर त्याला आधी लेखी कळवणं आम्हाला बंधनकारक असतं. तुमचं ऑडिट नाही, त्यामुळे नियम लागत नाही. पण कळवावं. त्यांना दुसरीकडून समजण्यापेक्षा बरं. मात्र आधी तुम्ही स्वतः जा."

हेच तर नको होतं! मी ईमेल लिहून ठेवला होता, खूप सभ्य, तीन वेळा सुधारलेला. पण जो माणूस ईमेल उघडतच नाही, त्याला ईमेलनं काय सांगणार?

शनिवारी दुपारी गेले. जिन्यात दोनदा थांबले. काका एकटेच होते. मी खुर्चीत बसले आणि तयार केलेलं भाषण सगळं विसरून थेट लॅपटॉप उघडून त्यांना ते इंटिमेशन दाखवलं. त्यांनी चष्मा बदलला. वाचलं. परत वाचलं. मग ड्रॉवरमधून वही काढून माझ्या नावाचं पान उघडलं, त्यावर त्यांच्या सुंदर अक्षरात ४२ हजारांचा तो टीडीएस लिहिलेला होता, फॉर्म १६ए च्या तारखेसकट.

"मी बरोबर घेतला होता," ते म्हणाले.

"हो काका. क्लायंटनं पॅन नंबर चुकीचा टाकलाय. एक अक्षर."

"मग चूक त्यांची."

"हो. पण मेल तुमच्याकडे आला होता."

खालून रिक्षाचा हॉर्न वाजत राहिला. मला वाटलं ते रागावणार. त्यांनी उठून मागच्या फळीवरून एक गठ्ठा काढला, गाठ सोडली, आणि माझी फाइल काढून दिली. २०१३ च्या माझ्या पहिल्या नोकरीचा फॉर्म १६ त्यात होता. पॅनकार्डच्या अर्जाची झेरॉक्सही, त्यावर माझा तेलकट वेणीतला फोटो. मॅडमच्या यादीतलं सगळं, टॅग लावून, वर्षवार. एक कागद कमी नव्हता.

"किती घेते ती?"

"बारा हजार."

"घ्यायलाच हवेत," काका म्हणाले. "तुझ्या कामाला वेळ द्यायला लागतो. मी दिला नाही." मग थोड्या वेळानं, "बाबांचं माझ्याकडेच ना?"

"हो काका, बाबांचं तुमच्याकडेच."

त्यांनी चहा सांगितला.

पुढचं काम

पुढचं सगळं कंटाळवाणं आहे, आणि तेच खरं काम आहे. त्याच रात्री पोर्टलवर ईमेल आणि मोबाइल माझा केला. पासवर्ड फक्त माझ्याकडे. मॅडमना पोर्टलवरच्या 'माय सीए' या सोयीतून जोडलं. कामासाठी वेगळं बँक खातं उघडलं. मुंबईच्या क्लायंटकडे तेव्हाचा अकाउंट्सचा माणूस राहिला नव्हता. नव्यानं आधी 'जुना मॅटर आहे' म्हणून टाळलं, मग मी रोज सकाळी दहाला फोन करायला लागले. फॉर्म १६ए ची प्रत हातात होती म्हणून त्याला ऐकावं लागलं. ती जपून ठेवणारे काकाच! दीड महिन्यानं त्यांनी टीडीएस रिटर्नमध्ये दुरुस्ती केली, माझ्या २६एएस मध्ये ते ४२ हजार उगवले, मग मॅडमनी पोर्टलवरून रेक्टिफिकेशनचा अर्ज टाकला. ऑगस्ट २०२३ मध्ये मागणी शून्य झाली आणि वळते केलेले पैसे परत आले. जीएसटी नंबर मार्चमध्येच मिळाला होता. बंगळुरूच्या क्लायंटनं १८ टक्के लावलेलं बिल एक शब्द न बोलता भरलं, कारण त्यांना त्याचं क्रेडिट मिळतं. मी उगाच महिनाभर त्याचं टेन्शन घेतलं होतं.

मॅडमशी सगळं गोड चाललंय असं समजू नका. त्या फोन उचलत नाहीत, मेसेज करा म्हणतात. तिमाही संपली की त्यांच्या मुलीचा मेल येतो, लाल अक्षरांत, 'पेंडिंग'. एकदा लॅपटॉपचं बिल माझ्या नावाऐवजी नवऱ्याच्या नावावर घेतलं म्हणून मला शाळेतल्यासारखं बोलून घेतलं. पण आता पोर्टलवर महिन्यातून एकदा मी स्वतः डोकावते. दहा मिनिटं लागतात. एआयएस उघडते, कुठल्या क्लायंटनं किती कापले आणि भरले ते बिलांशी ताडून बघते.

त्या वर्षी जुलैमध्ये बाबांचं पाकीट द्यायला मीच गेले. काकांनी बाबांची चौकशी केली, नव्या मॅडमची चौकशी केली, आणि मग सहज विचारल्यासारखं करून खिशातून मोबाइल काढला.

"ते ऑफिसचे मेल म्हणे फोनवर येतात. मला लावून देतेस?"

पासवर्ड टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर होता. पाच मिनिटांत लावून दिलं. न वाचलेल्या मेलचा आकडा हळूहळू वर चढत तीन हजारांच्या पुढे जाऊन थांबला. मी 'सीपीसी' टाकून शोधून दिलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. काकांनी चष्मा बदलला, पॅड पुढे ओढलं आणि एकेक नाव लिहायला लागले. पहिल्या पानावर सात नावं झाली. मग त्यांनी लँडलाइन जवळ घेतला आणि पहिला नंबर फिरवला.

"नमस्कार, मी बोलतोय. अहो, तुमचं एक पत्र आलंय बघा... नाही, आजचं नाही. थोडं जुनं आहे."